आधी वायर बघा, मग सेन्सर!

मैत्रिणींनो, चटणी वाटता वाटता मिक्सर बंद पडला तर आपण काय करतो? लगेच नवा मिक्सर आणायला कुणी धावत नाही. आधी लाईट आहे का ते बघतो. प्लग काढून दुसऱ्या पॉइंटला लावतो. मिक्सर उलटा करून खालचं लाल बटण दाबतो. वायर मुळाशी धरून जरा हलवून बघतो. एवढं करूनही चालला नाही, तर मग पिशवीत घालून दुकानात नेतो. हे आपल्याला कुणी शाळेत शिकवलेलं नसतं, पण जमतं.

दारातली पिकअप बिघडली की मात्र आपण आत निघून जातो. 'ते पुरुषांचं काम', 'ते गॅरेजवाल्याला कळतं' असं म्हणतो. आणि गॅरेजवाला जो आकडा सांगेल तेवढे पैसे कपाटातून काढून देतो. खरं तर मोटारीचा पहिला लांबचा प्रवास एका बाईनेच केला होता. जर्मनीतल्या बर्था बेंझ १८८८ च्या ऑगस्टमध्ये दोन मुलांना घेऊन मॅनहाइमहून फोर्झहाइमला, म्हणजे शंभर किलोमीटरच्या आसपास, नवऱ्याने बनवलेली गाडी घेऊन गेल्या. वाटेत इंधनाची नळी तुंबली ती त्यांनी टोपीच्या पिनेने मोकळी केली आणि इग्निशनची वायर उघडी पडली तिच्यावर पायमोज्याचा पट्टा गुंडाळला, असं सांगतात. म्हणजे मोटारीची रस्त्यातली पहिली 'वायरमन' बाईच म्हणायची!

आज आपल्याकडे कितीतरी घरांत पिकअप हीच कमावती आहे. भाजीपाला, दूध, मंडपाचं सामान, काय म्हणाल ते ती ओढते. गाडीचा हप्ता तिच्यावर, मुलांच्या फिया तिच्यावर. गाडी आठ-दहा वर्षांची झाली, की इंजिन ठणठणीत असतं, पण विजेच्या आणि सेन्सरच्या तक्रारी सुरू होतात. या तक्रारींत पैसा कसा विनाकारण जातो, हे आम्ही एका पावसाळ्यात बघितलं.

डायरीने सांगितलेली गोष्ट

आमचं गाव जुन्नर तालुक्यात. टोमॅटोच्या हंगामात आमची पिकअप माल भरून माळशेज घाटाने वाशीच्या मार्केटला जाते. गाडी २०१७ सालची, सेकंडहँड घेतलेली. हे गाडी चालवतात आणि हिशेब माझ्याकडे. डिझेल, टोल, दुरुस्ती सगळं मी एका डायरीत तारखेनिशी लिहिते.

जुलै महिन्यात गाडीने त्रास द्यायला सुरुवात केली. रात्री निघाल्यावर ओतूरच्या पुढे कधीतरी डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागायचा आणि गाडी ओढेनाशी व्हायची. अ‍ॅक्सिलेटर दाबला तरी वेग वाढत नसे. चावी बंद करून पाच मिनिटांनी सुरू केली की पुन्हा चालायची. भाजीच्या धंद्यात पहाट टळली की भाव पडतो. पोचायला दोन तास उशीर म्हणजे सगळ्या फेरीची मजुरी गेली समजा.

गॅरेजमध्ये स्कॅनर लावला. इंजिनच्या पाण्याचं तापमान सांगणाऱ्या सेन्सरचा कोड आला. सेन्सर बदलला, १४०० रुपये. दहा दिवस गाडी छान चालली, की पुन्हा तेच. या वेळी डिझेलचा दाब मोजणारा सेन्सर बदलला. मजुरीसकट ६५०० रुपये. चार दिवसांनी पुन्हा दिवा! तिसऱ्या खेपेला सांगण्यात आलं, "आता कॉम्प्युटरच गेला असणार. तीस हजार धरून चला." घरात तीस हजार होते, पण ते लेकीच्या नर्सिंगच्या फीसाठी बाजूला काढलेले. हे म्हणाले, "फी पुढच्या महिन्यात भरू. गाडी उभी राहिली तर खायचं काय?"

त्या रात्री मी डायरी घेऊन बसले. गाडी एकूण सहा वेळा रुसली होती. सहाच्या सहा वेळा रात्री. त्यातल्या चार वेळा पाऊस होता. दिवसा एकदाही नाही! भर दुपारी माल भरून गाडी चढ चढते, तेव्हा काही होत नाही. तापून बिघडायचं असतं तर दिवसा बिघडली असती ना? मी ह्यांना विचारलं, "रात्री तुम्ही गाडीत असं काय करता, जे दिवसा करत नाही?" ते हसून म्हणाले, "दिवे लावतो! अजून काय करणार?"

झालं! उत्तर त्यातच होतं. रात्री दिवे, पावसात वायपर, काचेवरची वाफ घालवायला पंखा. म्हणजे विजेचा भार वाढला की बिघाड येत होता. दुसऱ्या दिवशी ती डायरी घेऊन आम्ही दोघं आळेफाट्याला एका जुन्या वायरमन काकांकडे गेलो. काकांनी डायरी वाचली आणि म्हणाले, "वहिनी, तुम्ही माझं निम्मं काम करून आणलंत." मग त्यांनी मल्टिमीटर काढला आणि मला बॅटरी धरायला लावून (हातातली हो, गाडीतली नव्हे!) एकेक गोष्ट मोजून दाखवली.

गाडीत वीज परत कशी येते?

घरात दोन वायरी असतात, फेज आणि न्यूट्रल. एकीतून वीज येते, दुसरीतून परत जाते. गाडीत बॅटरीच्या प्लसकडून वायरीने वीज दिव्यापर्यंत जाते, पण परत येते ती बहुतेक गाडीच्या लोखंडी अंगातून. बॅटरीचं मायनस टोक जाड पट्टीने चासीला आणि इंजिनला जोडलेलं असतं. यालाच सगळे 'अर्थ' म्हणतात. ही पट्टी इंजिनच्या खालच्या बाजूला असते. चिखल, पाणी, तेल सगळं तिच्यावर उडतं. ती कळकली, सैल झाली किंवा निम्म्या तारा तुटल्या, तर वीज परत यायला वाटच अपुरी पडते.

आणि सेन्सर म्हणजे काय? तर गाडीच्या कॉम्प्युटरला (गॅरेजवाले त्याला ईसीएम म्हणतात) खबर देणारा. कॉम्प्युटर बहुतेक सेन्सरना ५ व्होल्ट पुरवतो आणि त्यातले किती परत आले त्यावरून ओळखतो, की पाणी किती तापलंय, डिझेलचा दाब किती आहे. ५ व्होल्टच्या हिशेबात एक व्होल्टचा घोळ झाला, तर खबर साफ चुकते. कॉम्प्युटरला वाटतं काहीतरी भयंकर झालंय. इंजिन वाचवायला तो स्वतःच ताकद कमी करतो.

ठिबकच्या शेवटच्या ओळीला पाणी कमी आलं, तर आपण विहिरीवरची मोटर बदलत नाही. आधी फिल्टर बघतो, नळी कुठे दुमडली आहे का बघतो. इथेही तसंच आहे.

आमच्या गाडीत काय सापडलं?

काकांनी इंजिन सुरू करून सगळे दिवे, पंखा, वायपर चालू करायला सांगितले. मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनस टोकावर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर ठेवली. दोन्ही ठिकाणं एकाच पट्टीने जोडलेली, म्हणजे मधे फरक जवळजवळ शून्य हवा. ०.२ व्होल्टपर्यंत चालतो. आमच्या गाडीत १.४ व्होल्ट दिसला! दिवे बंद केले की आकडा खाली, लावले की वर. अल्टरनेटर स्वतः १४.२ व्होल्ट देत होता, पण बॅटरीपर्यंत १२.८ च पोचत होते. मधले १.४ त्या कळकलेल्या पट्टीत अडकले होते.

पट्टी काढली तर तिच्या टोकाला पितळी भांड्यात ताक राहिल्यावर चढतो तसा हिरवा थर. तारा हात लावताच तुटत होत्या. नवी पट्टी, पॉलिश पेपरने घासलेली जागा, मजुरी धरून ४५० रुपये. पुन्हा मोजलं, तर ०.०५ व्होल्ट. आधी बदललेले दोन्ही जुने सेन्सर आम्ही जपून ठेवले होते. काकांनी तेही तपासले. दोन्ही चांगले होते.

लेकीची फी वेळेवर भरली गेली.

क्रमाने बघायच्या गोष्टी

काकांनी सांगितलेला क्रम मी डायरीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलाय. साधा डिजिटल मल्टिमीटर तीन-चारशे रुपयांत मिळतो. तो घरी असू द्या.

१. टर्मिनल. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी दिसते का? टोक हाताने हलतं का? हलत असेल तर निम्मे आजार तिथेच. टर्मिनल सोडवून, खाण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने धुवा. सोडा बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नका. कोरडं करून घट्ट बसवा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा.

२. बॅटरी. गाडी रात्रभर उभी असताना सकाळी मोजा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे रिकामी. सेल्फ मारताना आकडा १० च्या बराच खाली गेला, तर बॅटरी थकली आहे किंवा सेल्फ जास्त वीज ओढतोय.

३. चार्जिंग. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ हवेत. १३ च्या खाली असेल तर बॅटरी भरत नाही. १५ च्या वर गेला तर लगेच गॅरेज गाठा, कारण बल्ब, बॅटरी आणि कॉम्प्युटर सगळंच धोक्यात येतं.

४. अर्थ. वर सांगितलं तसं सगळा भार चालू ठेवून मोजायचं. भार नसताना खराब पट्टीही चांगली दिसते. मागच्या दिव्यांचा अर्थ मीटरशिवायही कळतो. ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो, साईड दिल्यावर पार्किंगचा दिवा उघडझाप करतो, असं झालं तर अर्थ गेला म्हणून समजा.

५. फ्यूज आणि रिले. उडालेला फ्यूज तेवढ्याच अँपिअरचा घाला. चॉकलेटची चांदी किंवा तार अजिबात नको. फ्यूज वाचेल, वायरिंग पेटेल. रिलेचा संशय असेल, तर शेजारचा अगदी तसाच रिले काढून तिथे लावून बघा. बिघाड गेला तर रिले खराब.

६. नंतर जोडलेल्या वायरी. टेप, जादा दिवे, मोठा हॉर्न, फोनचा चार्जर. जुन्या गाडीत प्रत्येक मालकाने काही ना काही जोडलेलं असतं. नुसता पीळ देऊन काळी टेप गुंडाळलेला जोड पावसात हमखास दगा देतो. शेताकडेला गाडी उभी राहत असेल तर उंदरांनी कुरतडलेल्या वायरीही बघा.

७. कपलर. सेन्सरच्या टोकाला वायरीची जी प्लास्टिकची जोडणी असते, ती चावी बंद करून काढा. आत पाणी, तेल, हिरवेपणा, वाकलेली पिन आहे का बघा. मग चावी फक्त 'ऑन' करून मीटरने बघायचं, ५ व्होल्ट येतात का. येत नसतील तर नवा सेन्सर घालून काय उपयोग?

८. आणि आता सेन्सर. पाण्याच्या तापमानाचा सेन्सर घरीही तपासता येतो. थंड असताना त्याचा रोध बऱ्याच गाड्यांत दोन-अडीच हजार ओहमच्या आसपास असतो. टोक गरम पाण्यात धरलं की झपाट्याने उतरून काहीशे ओहमवर येतो. कंपनीप्रमाणे आकडे बदलतात, पण गरम केल्यावर आकडा उतरलाच नाही किंवा मधेच उडी मारली, तर मात्र सेन्सर खराब.

कोड म्हणजे निकाल नव्हे

स्कॅनरवर कोड आला की तोच पार्ट खराब, असं आपल्याला वाटतं. उदाहरणार्थ 'पी ०११८'. याचा अर्थ, पाण्याच्या तापमानाच्या सेन्सरच्या सर्किटमधून आलेला आकडा जास्त आहे. सर्किट म्हणजे सेन्सर, कपलर, वायर, अर्थ सगळं आलं. यातली वायर तुटली तरी हाच कोड येतो. तेव्हा कॉम्प्युटरला वाटतं इंजिन शून्याखाली चाळीस अंशांवर गारठलंय. जुन्नरच्या मे महिन्यात बरं का! म्हणून स्कॅनरवर कोडबरोबर चालू आकडेही बघायला सांगा. रात्रभर थंड झालेल्या गाडीत पाण्याचं तापमान आणि हवेचं तापमान जवळपास सारखं दिसायला हवं. तसं नसेल तर कुणीतरी खोटं बोलतंय.

सेन्सर कधीच खराब होत नाहीत असं मुळीच नाही. सेल्फ छान फिरतो पण गाडी सुरू होत नाही, किंवा तापल्यावर बंद पडते आणि गार झाल्यावर चालू होते, अशा वेळी क्रँकचा सेन्सर गेलेला असू शकतो. तो बदलावाच लागतो. फक्त मोजून मग बदला, एवढंच म्हणणं.

जिवाला जपून

बोनेट उघडण्याआधी हातातल्या बांगड्या, अंगठी, गळ्यातलं मंगळसूत्र काढून ठेवा किंवा नीट आत घ्या. धातूची बांगडी बॅटरीच्या दोन टोकांना एकदम टेकली तर क्षणात लाल होते. पदर, ओढणी, वेणी पट्ट्यापासून आणि पंख्यापासून लांब. बॅटरी सोडवताना आधी मायनस, जोडताना मायनस शेवटी. इंजिन चालू असताना बॅटरी कधीच सोडवायची नाही. जुने लोक तसं करून चार्जिंग बघायचे, आजच्या गाडीत त्याने कॉम्प्युटर जळू शकतो. सेन्सरच्या वायरींना बल्बचा टेस्टर लावू नका, डिजिटल मीटरच वापरा. ओहम मोजताना मात्र बॅटरी सुटी हवी. बॅटरीजवळ काडी, विडी, उदबत्ती काही नको, तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो. आणि डिझेलच्या जाड लोखंडी नळ्यांना हात लावायचा नाही. त्यांत इतका प्रचंड दाब असतो, की बारीक धारही कातडीत घुसते. ते काम गॅरेजचंच.

गॅरेजमध्ये विचारा

• कोड कोणता आला? आकडा डायरीत लिहून द्या.
• बॅटरी, चार्जिंग आणि अर्थ मोजला का? किती व्होल्ट आले?
• कपलरमध्ये ५ व्होल्ट येतात का?
• जुना पार्ट आम्हाला परत द्याल ना?
• नवा पार्ट बसवून फरक पडला नाही तर काय करायचं, हे आधीच ठरवू या का?

हे प्रश्न विचारले म्हणून चांगला मेकॅनिक रागावत नाही, उलट त्याचं काम सोपं होतं. आणि आपल्या घरच्यांनाही वाईट वाटायचं कारण नाही. आमचे हे सुरुवातीला जरा कुरकुरले होते. आता फेरीहून आले की स्वतःच सांगतात, "लिही, आज अळकुटीजवळ हेडलाईट पिवळे पडले होते."

डायरीत काय लिहायचं? तारीख, वेळ, पाऊस की ऊन, गाडी भरलेली की रिकामी, काय काय चालू होतं, काय झालं आणि काय केल्यावर बरं वाटलं. दूधवाल्याचा हिशेब, बाळाच्या तापाच्या वेळा, गॅस कधी लावला, हे सगळं आपण लिहितोच की. त्यात आणखी एक पान.

आज संध्याकाळी गाडी दारात आली, की घरच्यांना बोनेट उघडायला सांगा. बॅटरीची दोन टोकं बघा, हलतात का तपासा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि पैसा एक लागत नाही.